युद्धकाळातील कादंबरी मुलांच्या हाती देताना: अंतर मोजून पुस्तक कसे निवडावे

शांता शेळके यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ वाचत मोठ्या झालेल्या वाचकाला ती युद्धकाळातील कादंबरी आहे असे सांगितले, तर तो बहुधा चकित होतो. चार बहिणी, त्यांची आई, शेजारचा लॉरी, नाताळच्या सकाळी गरीब कुटुंबाला देऊन टाकलेली न्याहारी, बेथचे आजारपण, हे सगळे त्याला लख्ख आठवते. पण वडील घरी का नाहीत, हे आठवायला त्याला क्षणभर थांबावे लागते. ते अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) उत्तरेकडच्या सैन्याबरोबर धर्मोपदेशक म्हणून गेलेले असतात. रणभूमीवरचा एकही प्रसंग पुस्तकात नाही, पण एक तार येते, ती वाचून आई वॉशिंग्टनच्या इस्पितळाकडे निघते, तिच्या खर्चाला हातभार म्हणून ज्यो आपले केस विकते, आणि आई दूर असतानाच बेथला ताप लागतो. बाळगोपाळांना युद्धाची पुस्तके द्यावीत की नाहीत यावर घरोघरी वाद होतो, तेव्हा मला नेहमी वाटते की आपण ती दोन पिढ्या देतच आलो आहोत, फक्त तसे म्हणालो नाही.

सोसायटीतील मुलांचे एक छोटे वाचनालय काही वर्षे चालवल्यानंतर माझे असे मत झाले आहे की अशा पुस्तकांची निवड मुखपृष्ठावरच्या वयोगटावरून किंवा पानांच्या संख्येवरून करू नये. कथेतील मूल युद्धापासून किती अंतरावर उभे आहे, हे आधी मोजावे. पुढील सर्व पायऱ्या या एका मोजमापावर आधारलेल्या आहेत. त्या पालक, शिक्षक आणि ग्रंथपाल अशा तिघांनाही वापरता येतील.

पहिली पायरी: पुस्तकाआधी वाचक

मुलाला कोणता विषय आवडतो हे विचारून फारसे काही हाती लागत नाही. ‘साहस’ किंवा ‘काहीही चालेल’ असे उत्तर मिळते. त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत. कोणते पुस्तक तू दुसऱ्यांदा वाचलेस, आणि कोणते अर्ध्यावर सोडलेस? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक उपयोगाचे असते. ‘कंटाळा आला’ म्हणणाऱ्या मुलाची अडचण भाषेची किंवा वेगाची असते, आणि ‘पुढे कुत्रा मरणार हे मला कळलं होतं’ असे सांगणाऱ्या मुलीची अडचण निराळीच असते.

त्याचबरोबर घरातील परिस्थितीची थोडी कल्पना असायला हवी. ही गोष्ट मी चुकूनच शिकलो. हिरोशिमाच्या सादाको सासाकीची गोष्ट मी एका दहा वर्षांच्या मुलीला दिली होती. सादाको दोन वर्षांची असताना अणुबाँब पडला आणि १९५५ साली, बाराव्या वर्षी, ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. पुस्तक लहान आहे, भाषा सोपी आहे, युद्ध दहा वर्षे मागे पडलेले आहे. माझ्या हिशेबाने सर्व काही ठीक होते. मुलीच्या आजीवर त्याच महिन्यांत कर्करोगाचे उपचार चालू आहेत, हे मला पुस्तक परत आल्यावर समजले. तेव्हापासून मी अंतर दोन बाजूंनी मोजतो: कथेतील मूल युद्धापासून किती लांब आहे, आणि वाचणारे मूल त्या कथेतील दुःखापासून किती लांब आहे. ज्या घरातील कोणी सीमेवर तैनात आहे, ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे किंवा ज्या कुटुंबाला अलीकडेच राहते गाव सोडावे लागले आहे, तिथे पुस्तक एक पाऊल मागचे घ्यावे, आणि ते देण्यापूर्वी आईवडिलांशी बोलून घ्यावे.

दुसरी पायरी: अंतर ठरवणे

ढोबळमानाने मी चार अंतरे धरतो, आणि ही मार्गदर्शिका खरे तर त्यांच्याविषयीच आहे.

सर्वांत लांबचे अंतर म्हणजे युद्ध दुसरीकडे चालू आहे आणि घरात त्याची फक्त पत्रे, टंचाई किंवा कोणाची तरी रिकामी जागा पोचते. ‘चौघीजणी’ इथे बसते. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे मराठी घरांत पोचलेले ‘तोत्तोचान’ ही आठवणींची गोष्ट आहे, कादंबरी नव्हे, परंतु या अंतरासाठी त्याहून चांगले पुस्तक मला ठाऊक नाही. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा, मुख्याध्यापक कोबायाशी, डब्यातील ‘काही समुद्रातलं आणि काही डोंगरावरचं’ यांत मूल रमलेले असते, आणि शेवटी १९४५ च्या हवाई हल्ल्यात ती शाळा जळते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ते पान झेपते, कारण ज्वाळांकडे पाहणारे कोबायाशी पुढची शाळा कशी बांधायची याचाच विचार करत असतात. ज्युडिथ कर यांची ‘व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट’ (१९७१) हीदेखील याच टप्प्यातील आहे. १९३३ मध्ये बर्लिन सोडणाऱ्या नऊ वर्षांच्या ॲनाला एकच खेळणे बरोबर नेता येते आणि ती चुकीचे निवडते, एवढ्यावरून तिला आपण काय गमावतो आहोत ते कळू लागते. तिच्या वडिलांच्या पुस्तकांचे काय झाले (नाझींनी ती जाळली), हे मुलाने विचारले तर सांगावे; न विचारले तर कथेवर सोडावे.

दुसरे अंतर म्हणजे शत्रूचे सैन्य गावात आहे, पण घराच्या भिंती उभ्या आहेत. इथे मी डोळे मिटून लोइस लाउरी यांची ‘नंबर द स्टार्स’ (१९८९) सुचवतो. १९४३ च्या कोपनहेगनमध्ये दहा वर्षांची ॲनमरी आणि तिची ज्यू मैत्रीण एलन राहतात. जर्मन सैनिक मध्यरात्री दार ठोठावतात, तेव्हा ॲनमरी मैत्रिणीच्या गळ्यातील चांदणीची (ज्यू धर्मचिन्हाची) साखळी तोडून आपल्या मुठीत लपवते, आणि तिचे आईवडील एलनला आपलीच मुलगी म्हणून उभी करतात. डेन्मार्कमधील सात हजारांहून अधिक ज्यूंना त्या शरद ऋतूत होड्यांतून स्वीडनला पोचवण्यात आले, या खऱ्या घटनेवर ही कथा उभी आहे. दहशत इथे खरी आहे, पण ती एका खोलीएवढी आहे. पद्मा वेंकटरामन यांची ‘क्लाइंबिंग द स्टेअर्स’ (२००८) याच अंतरावरची, पण आपल्याकडची. १९४१ च्या मुंबईत पोलिसांच्या लाठीने वडील जायबंदी झाल्यावर पंधरा वर्षांच्या विद्याला मद्रासच्या एकत्र कुटुंबात जावे लागते, जिथे वरच्या मजल्यावरील ग्रंथालयात बायकांनी पाऊल ठेवायचे नसते. भाऊ ब्रिटिशांच्या फौजेत भरती होऊ पाहतो आणि घर दुभंगते. हिटलरशी लढायचे की इंग्रजांशी, हा तेव्हाचा पेच तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना चटकन भिडतो, आणि त्यावर ती घरी वादही घालतात.

तिसरे अंतर माझ्या अनुभवात सर्वांत अवघड आहे: घर सुटलेले आहे आणि कुटुंब वाटेवर आहे. या टप्प्यात घाई करू नये. वीरा हिरानंदानी यांच्या ‘द नाइट डायरी’त (२०१८) सिंधमधील मीरपूर खास येथे राहणारी बारा वर्षांची निशा दिवंगत आईला रोज पत्र लिहिते. आई मुसलमान, वडील हिंदू डॉक्टर, आणि फाळणी झाल्यावर वाळवंट तुडवत जोधपूरपर्यंतचा प्रवास. तहानेची वर्णने इतकी नेमकी आहेत की काही मुले वाचता वाचता पाणी प्यायला उठतात. एस्थर हाउत्सिग यांचे ‘द एंडलेस स्टेप’ (१९६८) हे आत्मकथन कादंबरीच्या शेजारी ठेवण्यासारखे आहे. जून १९४१ मध्ये विल्ना (युद्धापूर्वी पोलंडमधील, आता लिथुआनियाची राजधानी) शहरातील दहा वर्षांच्या मुलीला आईवडील आणि आजीसह गुरांच्या डब्यातून सायबेरियात पाठवले जाते. दोन्ही पुस्तकांत कुटुंबातील बरीच माणसे शेवटपर्यंत एकत्र टिकतात. म्हणूनच या टप्प्याची सुरुवात या दोन पुस्तकांनी करावी. भीष्म साहनींची ‘तमस’ फाळणीवरच आहे आणि श्रेष्ठ आहे, परंतु ती मोठ्यांसाठी लिहिलेली आहे आणि तिच्यात आधाराला धरायला कोणाचा हात मिळत नाही. ती अकरावी-बारावीपर्यंत थांबू शकते.

चौथे अंतर म्हणजे शून्य. नायक स्वतः खंदकात, छावणीत किंवा रणात आहे. एरिक मारिया रेमार्क यांची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (१९२९) पंधरा वर्षांच्या आत मी देत नाही, पण पंधरा ते अठरा या वयात जरूर देतो, कारण तिच्यातील मुले शाळेच्या वर्गातून, मास्तरांच्या भाषणाने भारावून भरती झालेली आहेत. नाझींनी १९३३ मध्ये ती जाळली, हे सांगितले की दहावीतला सर्वांत नाखूश वाचकसुद्धा ती हातात घेतो. मराठीतील विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) अंतराच्या या हिशेबाला चकवा देते. दुसरे महायुद्ध अजून पेटायचे आहे, कथा युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर घडते, लढाई कुठेच नाही; तरीही जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या ज्यू हेर्टाच्या बाबतीत अंतर शून्यच आहे. सोळा वर्षांपुढील समंजस वाचकाला ती द्यावी आणि शेवट काळोखा आहे, एवढे आधी सांगून ठेवावे.

वयाचा आकडा हवाच असेल तर पहिले अंतर नवव्या वर्षापासून, दुसरे अकराव्यापासून, तिसरे बारा-तेराव्यापासून आणि चौथे पंधराव्यापासून, असे मी धरतो. पण हे दोन वर्षे पुढेमागे होतच असते.

तिसरी पायरी: सर्वांत वाईट पान आधी स्वतः वाचणे

पूर्ण पुस्तक वाचायला वेळ नसेल तर निदान पहिली तीस पाने, शेवटचे प्रकरण आणि त्यातील सर्वांत भयंकर पान वाचल्याशिवाय ते मुलाला देऊ नये. ते पान सापडले की तीन गोष्टी पाहाव्यात: हिंसा समोर घडते की नंतर कळते, लेखक तिथे किती वेळ रेंगाळतो, आणि पुढच्या पानावर कोणी कोणाची विचारपूस करतो का. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मार्कस झुसाक यांच्या ‘द बुक थीफ’मध्ये (२००५) निवेदक साक्षात मृत्यू आहे आणि कोण मरणार हे तो आधीच सांगून टाकतो. या एका युक्तीमुळे पाचशेहून अधिक पानांचे हे पुस्तक चौदा वर्षांच्या संवेदनशील मुलीलाही पेलते, कारण धक्का आधी बसून गेलेला असतो.

चौथी पायरी: इतिहास तपासणे

कादंबरीने कल्पनेचे स्वातंत्र्य घ्यायचेच असते, परंतु मुलाचा त्या काळाशी तो पहिलाच परिचय असेल, तर चुकीचे चित्र वर्षानुवर्षे पुसले जात नाही. जॉन बॉइन यांच्या ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ (२००६) विषयी ऑश्विट्झ या नाझी मृत्युछावणीच्या स्मारकानेच २०२० मध्ये इशारा दिला की या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी आणि तो शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावे. छावणीच्या कुंपणाशी दोन मुले रोज गप्पा मारत बसतात, ही कल्पनाच मुळात टिकत नाही. तेथील तारांमध्ये वीज सोडलेली असे आणि लहान मुलांपैकी बहुतेकांना पोचताच ठार मारले जाई. शिवाय वाचकाचे अश्रू अखेरीस छावणीच्या अधिकाऱ्याच्या मुलासाठी वाहतात. मूल ते वाचून आलेच असेल तर रागावू नये. ॲन फ्रँकची रोजनिशी शेजारी ठेवावी आणि फरक त्यालाच शोधू द्यावा. सादाकोच्या लोकप्रिय गोष्टीतही हजार कागदी बगळे केले की बरे होता येते या आशेने ती ते करू लागते आणि ६४४ वर थांबते, असे येते. प्रत्यक्षात तिने हजारांहून अधिक केले होते.

चांगल्या पुस्तकाची एक खूण सहज तपासता येते. ‘नंबर द स्टार्स’च्या शेवटी लेखिकेने खरे काय आणि रचलेले काय, याचा हिशेब दिला आहे. असे टिपण असेल तर पुस्तकाकडे झुकावे.

हीच कसोटी आपल्या घरच्या पुस्तकांनाही लावायला हवी. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) उत्तम वाचणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला जरूर द्यावी. १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस, उपासमारीने गांजलेली फौज आणि बरोबरचे बाजारबुणगे व यात्रेकरू यांतून युद्ध म्हणजे रसद असते, हे तिच्याइतके स्पष्टपणे दाखवणारी कादंबरी क्वचितच सापडेल. पण भाऊसाहेबांच्या तोंडची वाक्ये कादंबरीकाराने लिहिलेली आहेत, हे पुस्तक देतानाच सांगावे. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीतील संवाद भाषणांत इतिहास म्हणून फेकले जातात आणि मुले ते ऐकत असतात. गो. नी. दांडेकरांच्या ‘झुंजार माची’ आणि ‘दर्याभवानी’ तुलनेने आटोपशीर आहेत. ‘पानिपत’च्या आधीची पायरी म्हणून त्या चांगल्या.

पाचवी पायरी: पिढ्यान्‌पिढ्यांची गाथा कशी सुचवावी

कौटुंबिक गाथेची अडचण हिंसेची नसून नावांची असते. चौथ्या प्रकरणात नायिका आजी होते आणि बारा वर्षांचा वाचक गोंधळतो. त्यावर उपाय साधा आहे. पुस्तकात वंशावळ छापलेली नसेल, तर एका कोऱ्या कागदावर पहिली दोन नावे लिहून तो कागद पुस्तकात ठेवावा आणि पुढची नावे मुलाने भरावीत. इंग्रजीतील एका ‘अंकल’चा काका, मामा, आत्याचा नवरा की मावशीचा नवरा, हे ठरवताना मुले मजकूर इतक्या बारकाईने वाचतात की एरवी कोणी वाचत नाही. अनुवाद चांगला असेल तर हे काम अनुवादकाने आधीच केलेले असते. नसेल तर तेवढ्यावरूनही अनुवादाची पारख होते.

अशा वाचनाची सुरुवात जाड ग्रंथाने न करता वाचकाबरोबर वाढणाऱ्या मालिकेने करावी. ज्युडिथ कर यांनी ॲनाची गोष्ट तीन पुस्तकांत सांगितली आहे: पहिल्यात ती नऊ वर्षांची, दुसऱ्यात लंडनवर बाँब पडत असतानाची तरुणी, आणि तिसऱ्यात विवाहित स्त्री. पुढचे पुस्तक वर्ष-दोन वर्षांनी द्यावे; तिन्ही एकदम घरी नेली की दुसरे अर्ध्यावर परत येते. पंधरा-सोळा वर्षांपुढे अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ (२०००) सुचवता येते. १८८५ च्या मंडालेपासून मलाया आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत जाणाऱ्या या गाथेचा मोठा भाग चक्क रत्नागिरीत घडतो, कारण इंग्रजांनी पदच्युत केलेला ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ पासून १९१६ मधील मृत्यूपर्यंत तिथेच नजरकैदेत होता. तिच्यातील काही प्रणयप्रसंग प्रौढ वाचकांसाठी आहेत, हे पालकांना आधी सांगावे. श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ ही गाथा म्हणून अव्वल आहे, पण ती शाळकरी वयात देण्याचा हट्ट मी करत नाही.

सहावी पायरी: भाषेची परीक्षा

पुस्तक उघडून दोन पाने संवाद मोठ्याने वाचावेत. जीभ अडखळली तर मुलाचे डोळेही अडखळणार. हरिभाऊ आपट्यांची ‘उषःकाल’ हल्लीच्या बहुतेक मुलांना एकट्याने जड जाते, पण रोज रात्री कोणी वाचून दाखवली तर चालते. इंग्रजी माध्यमातील मुलाला मराठी अनुवादाची सक्ती करू नये आणि मूळ इंग्रजीचीही करू नये. दोन्ही प्रती हाती असतील तर निवड त्याच्यावर सोडावी.

सातवी पायरी: सुचवायचे कसे

‘यातून तुला शांततेचं महत्त्व कळेल’ असे म्हणालात की पुस्तक कपाटात गेलेच. कथेतील पहिली अडचण तेवढी सांगावी आणि थांबावे. ‘एका मुलीला घर सोडताना एकच खेळणं नेता येणार आहे’, ‘मैत्रिणीला वाचवायला हिच्याकडे दहा सेकंद आहेत’, इतके पुरते. शेवट सांगू नये. मात्र मुलाने ‘कोणी मरतं का?’ असे थेट विचारले तर खरे उत्तर द्यावे. नाव हवे असेल तर तेही सांगावे. असे विचारणारी मुले उत्सुकता म्हणून विचारत नाहीत, तयारी म्हणून विचारतात.

पुस्तकाला आपल्या जवळची एखादी जागा जोडता आली तर तिचा चांगला उपयोग होतो, पण ती ओढूनताणून जोडू नये. ‘द ग्लास पॅलेस’ वाचणाऱ्याला रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहता येतो. ‘द एंडलेस स्टेप’ वाचून झाल्यावर, १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या अनेक कुटुंबांना पुढे कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत आसरा मिळाला आणि सुमारे पाच हजार पोलिश माणसे १९४३ पासून काही वर्षे तिथे राहिली, हे सांगितले की मुले नकाशा मागतात. ‘द नाइट डायरी’नंतर उल्हासनगर कसे वसले हे सांगावे: कल्याणजवळची युद्धकाळातील लष्करी छावणी सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी वापरली गेली आणि तिचेच पुढे शहर झाले. सातारा जिल्ह्यात कोणाचे गाव असेल तर पहिल्या महायुद्धावर गेलेल्यांच्या स्मरणार्थ गावात एखादा दगड आहे का, हे सुट्टीत पाहून यायला सांगावे. आणि १९७१ च्या ब्लॅकआउटमध्ये खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले आजी-आजोबांना आठवतात का, हे विचारायला तर कोणत्याच गावी जावे लागत नाही.

आठवी पायरी: पुस्तक परत येते तेव्हा

प्रश्नपत्रिका काढू नये, सारांश लिहून घेऊ नये. ‘कुठे थांबलास?’ एवढे विचारावे. पूर्ण वाचणारी मुलेसुद्धा कुठेतरी थांबलेली असतात, आणि ती जागा ती सांगतात. मी वहीत पुस्तकाच्या नावापुढे वाचकाचे वय आणि ते पान टिपून ठेवतो. नाव लिहीत नाही. एकाच पानावर दोन-तीन मुले थांबली असतील, तर पुढच्या मुलाला पुस्तक देताना त्या पानाविषयी आधीच सावध करता येते.

अर्धवट परत आलेल्या पुस्तकावर आग्रह धरू नये. ते कपाटात त्याच जागी ठेवावे आणि त्या मुलाला एक अंतर मागचे पुस्तक द्यावे. ‘द नाइट डायरी’ तिसऱ्या दिवशी परत करणारा एक मुलगा ‘तोत्तोचान’ घेऊन गेला होता. दीड वर्षाने त्याने न विचारता पहिले पुस्तक पुन्हा काढले, आणि आपण सोडलेले पान त्याला अजून आठवत होते.